अक्षतेच्या दिवशी एकटी हजर

मला नोकरीवरून काढलं, कारण मी कामावर गेले होते. नातवंडांना हे सांगितलं की ती म्हणतात, आज्जी, तू उलटं बोललीस. उलटं नाही रे, घडलं तसंच सांगतेय. उलटी होती ती कंपनी, आणि तिच्याहून उलटी मी.

तेव्हा मी पंचावन्नची होते, म्हणजे अगदीच कोवळी. त्या वेळच्या मला आज कुणी समोर आणून बसवलं, तर आधी मी तिला चहा पाजीन आणि मग विचारीन, बाई गं, देव अक्कल वाटत होता तेव्हा तू कुठल्या रांगेत उभी होतीस? उत्तर मला ठाऊक आहे. कंपनीच्या बसच्या रांगेत.

कंपनी मोठी. सोलापूरच्या बाहेर, परदेशात टॉवेल पाठवणारी. आम्ही बायका चेकिंगला. लांबलचक टेबल, त्यावर टॉवेलांचे ढीग. टॉवेल उलगडायचा, दोन्ही अंगांनी बघायचा, सुटलेला धागा कापायचा, घडी घालून पुढं सरकवायचा. दिवसभर कापसाचे तंतू केसांत बसून संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्याच म्हाताऱ्या दिसायचो. त्यामुळे पुढं खरोखर केस पिकले तेव्हा मला काही नवीन वाटलं नाही.

त्या टेबलाची मी लीडर. काम तेच, फक्त टोपी वेगळी. बाकीच्यांची निळी, माझी केशरी. ती टोपी मी दर रविवारी धुऊन इस्त्री करायची. आमचे हे म्हणायचे, "एकदा डोक्यावरनं पण फिरव इस्त्री." एका वर्षी कंपनीनं मला उत्कृष्ट कर्मचारी म्हणून कप दिला. बाहेरून सोनेरी, आतून पिवळं प्लॅस्टिक. तो मी शोकेसमध्ये मधोमध ठेवला. पाहुणे आले की पाण्याच्या तांब्याआधी त्यांना कप दाखवायची. एका पाहुणीनं विचारलं, "यात काय पितात?" मी तिच्या घरी पुन्हा गेले नाही.

मग नवे साहेब आले. उत्तरेकडचे, सुटाबुटातले, भराभर चालणारे. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर मोठा बोर्ड लावला : 'आपण सारे एक कुटुंब'. वाचून मला भरून आलं. कुटुंबात सासूही असते आणि ती सुनेला घराबाहेर काढू शकते, हे काही त्या केशरी टोपीखाली शिरलं नाही.

टेबलावर माझ्या शेजारी जी बसायची ती माझी मैत्रीण. विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी, आमच्याच भागात दोन गल्ल्या सोडून राहणारी, आणि जीभ कात्रीसारखी. ती बोर्ड बघून म्हणाली, "अक्का, कुटुंब हाय म्हनतेत. मग साहेब भाकऱ्या थापायला कधी यायलेत?"

"प्रत्येक गोष्टीत काय खोड काढतीस?"

"खोड न्हाय. पीठ मळून ठिवायचं का, इचारायले."

जानेवारी आला. जानेवारीत आमच्या गावात गड्ड्याची यात्रा असते, आणि भोगीच्या दिवशी ग्रामदैवत सिद्धेश्वरांचं लग्न लागतं. तळ्याकाठी नंदीध्वजांच्या उंच सजवलेल्या काठ्या येतात, पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक उभे असतात आणि सगळं गाव अक्षता टाकतं. सोलापूरचा माणूस सख्ख्या भावाच्या लग्नाला उशिरा पोचेल, पण या अक्षतेला नाही. जुने साहेब हे जाणून होते. ते त्या दिवशी सुट्टी द्यायचे आणि बदली एक रविवार भरून घ्यायचे. कुणाची तक्रार नव्हती.

नव्या साहेबांनी नेमका तोच दिवस परदेशी पाहुण्यांना दिला. आमचे टॉवेल विकत घेणाऱ्या दुकानांची माणसं कारखाना बघायला येणार होती. सगळ्यांनी हजर राहायचं, असा हुकूम निघाला. साहेब स्वतः हॉलमध्ये आले आणि त्यांनी विचारलं, "सब आएंगे ना?"

"हो साहेब," असं सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या.

आता आमच्याकडं मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. सासऱ्यांना म्हणत नाहीत, पाटलाला म्हणत नाहीत, डॉक्टरला तर नाहीच नाही. हो म्हणायचं, मान हलवायची आणि मग आपल्याला जे करायचं ते करायचं. साहेबांना ही पद्धत माहीत नव्हती. मला जन्मापासून माहीत होती. तरी मी पुढं होऊन म्हणाले, "सर, माझं टेबल शंभर टक्के हजर."

तो आठवडाभर मी टेबलावर प्रवचन दिलं. देव काय, वर्षभर हितंच हाय, पाहुणे एकदाच येतात, कंपनीची अब्रू ती आपली अब्रू. मैत्रीण धागे कापत होती. शेवटी म्हणाली, "मग तू पाहुण्यांच्या डोस्क्यावर टाक अक्षता. आमी देवाच्या टाकतो."

भोगीच्या सकाळी मी मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी करून ठेवली. आमचे हे पांढरेशुभ्र कपडे घालून दारात उभे.

"लग्नाला येणार न्हाईस?"

"ड्युटी हाय."

"देवाला काय सांगू?"

"सांगा, परदेशातनं पाहुणे आलेत."

"त्यालाच सांगतो, तुमचं जरा पुढं ढकला म्हणून," असं म्हणून ते गेले.

बस आली. आत ड्रायव्हर आणि मी. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, उतरा की. तुमी उतरला तर मी बी जातो अक्षतेला." त्याला मी झापलं. बिचाऱ्यानं मग मला एकटीला घेऊन बस नेली. सवयीनं प्रत्येक थांब्यावर थांबला, दार उघडलं, कुणी नाही बघून बंद केलं. मला मात्र वाटत होतं, बायका रिक्षानं पुढं गेल्या असतील.

गेटवर चेहरा दाखवायचं मशीन होतं. चेहरा ओळखला की हिरवा दिवा लागायचा आणि आतली बाई 'धन्यवाद' म्हणायची. त्या दिवशी कंपनीत माझ्याशी नीट बोललेली ती एकटीच.

हॉल रिकामा. पंख्याखाली टॉवेलांचे ढीग तेवढे हजर होते. मी टोपी सरळ केली आणि माझ्या जागेवर बसून घड्या घालायला लागले. थोड्या वेळानं दार उघडलं. एक उंच गोरी बाई, एक म्हातारे गोरे गृहस्थ, मागं साहेब, आणि त्यांच्या मागं एचआरच्या मॅडम. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. मराठी छान बोलायच्या, पण सोलापूर त्यांनी फक्त चादरीच्या लेबलावर वाचलेलं. मी उभी राहिले. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एक केशरी टोपी. साहेबांचा चेहरा दूध नासावं तसा फाटला.

"बाकी लोग कहाँ हैं?"

"लग्नाला गेलेत, सर."

"किसकी शादी?"

"सिद्धेश्वरांची."

"कौन सिद्धेश्वर? किस डिपार्टमेंट का?"

इथं मी नीट सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, जिथं नोकरी करतो तिथल्या देवाचं नाव त्याला माहीत असणारच, चिडून बोलतोय. म्हणून मी म्हणाले, "सर, ते सगळ्यांचेच आहेत."

साहेबांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी मोबाइलमध्ये काहीतरी टिपलं. त्याचा परिणाम नंतर कळला. आमच्या गावात सिद्धेश्वर, सिद्धाराम, सिद्धप्पा घरोघरी. ऑफिसनं कंपनीतले सगळे शोधून काढले आणि एकेकाला बोलावून विचारलं, तुमचं लग्न कधी झालं? बॉयलरवरचा एक जण इतका घाबरला की त्यानं घरी जाऊन बायकोचे पाय धरले. त्याला वाटलं, तिनंच तक्रार केली.

पण त्या क्षणी गोरी बाई माझ्याजवळ आली आणि हातानंच विचारू लागली, सगळे कुठं? मी हात जोडले, गळ्यात हार घातल्यासारखं केलं आणि तिच्या डोक्यावर खोट्या अक्षता टाकल्या. तिचे डोळे चमकले. "वेडिंग?" मी जोरात मान हलवली. ती साहेबांकडं वळून पटापट काहीतरी बोलली. साहेबांना रिकाम्या हॉलमध्ये दाखवायला दुसरं काय होतं? सगळे गाडीत बसून लग्नाला गेले. हॉलमध्ये पुन्हा मी एकटी.

पुढचं आमच्या ह्यांनी डोळ्यांनी पाहिलं. ते सांगतात, गर्दीत गाडी अडकली, गोरी बाई उतरून चालायला लागली, कुणीतरी तिच्या ओंजळीत अक्षता दिल्या, कुणी कपाळाला कुंकू लावलं. ती आनंदानं नुसती लाल झाली होती. आणि त्या सगळ्या पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांत काळ्या सुटातले साहेब म्हणजे दह्यात पडलेली माशी. बाईनं त्यांचा फोटो काढला. डोळे मिटलेले, केसांत तांदूळ. तोच फोटो तिनं कौतुकानं कंपनीच्या मोठ्या ऑफिसला पाठवला. मोठ्या ऑफिसनं साहेबांना विचारलं, तुम्ही लग्नात होता तर कारखान्यात कोण होतं?

कारखान्यात मी होते.

दुसऱ्या दिवशी संक्रांत, सगळ्यांना सुट्टी. संध्याकाळी मैत्रीण आली. माझ्या हातावर तिनं तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "तिळगूळ घे." मी वाट बघितली.

"पुढचं?"

"पुढचं तुझ्या साहेबाकडनं ऐक. आमची नावं दिलीस म्हनं."

"गेटवर मशीन असताना मी कशाला देऊ नावं?"

"मग गेलतीस कशाला? आमी न्हाय म्हनून दाखवायलाच की."

चहा न घेता ती निघून गेली. माझी मुलं तेव्हा परगावी होती. आमचे हे दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारे, त्यातलं एक मीठ कमी असल्याचं. माझं सगळं बोलणं, हसणं, भांडणं व्हायचं ते जेवणाच्या सुट्टीत, टेबलामागं खाली बसून आम्ही डब्यांचा गोल करायचो तिथं. कुणाची शेंगाचटणी, कुणाची अंबाडी, कुणाच्या सुनेच्या कागाळ्या. नोकरी म्हणजे मला तो गोल होता, आणि त्यातून मी उठवली जाणार हे मला त्या अर्ध्या तिळगुळावरून कळलं. कंपनीतून उठवली जाणार आहे हे मात्र स्वप्नातही नव्हतं.

दुसरा दिवस किंक्रांतीचा. त्या दिवशी शहाणा माणूस नवं काही करत नाही. कंपनीनं केलं. मला काचेच्या खोलीत बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "मावशी, कंपनी तुमचा प्रवास इथे थांबवतेय."

मला वाटलं, आमच्या भागातली बस बंद करतायत. मी म्हणाले, "काळजी करू नका मॅडम, मी रिक्षानं येईन की."

मॅडम पाणी प्यायल्या आणि त्यांनी मला समजावून सांगितलं. मी ऐकलं. मग म्हणाले, "पण मॅडम, मी एकटीच तर आले होते."

"तेच ना मावशी. तुम्ही लीडर. तुमचं टेबल येणार म्हणून तुम्हीच सांगितलं. कुणी आलं नाही, म्हणजे तुम्हाला आधी माहीत होतं."

"आणि ज्या आल्या नाहीत त्या?"

"सगळ्यांना काढलं तर घड्या कोण घालणार?"

आजही मी ते बोलणं मनात घोळवते आणि मला त्यात चूक सापडत नाही. जो आला त्याला काढा, कारण जे आले नाहीत त्यांची गरज आहे. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं, मीच त्यांना रुमाल दिला. त्यांनी टोपी मागितली. रविवारीच इस्त्री केलेली. मी ती घडी घालून दिली, कडेला कड जुळवून. असली मी.

गेटवरच्या वॉचमननं पिशवी तपासली आणि मान खाली घालून म्हणाला, "खाला, मेरेकू बी अच्चा नै लगता. पन क्या करूं." मशीनपुढून जाताना आतली बाई 'धन्यवाद' म्हणाली. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

घरी आमच्या ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चला, देवानं तुझा निरोप मनावर घेतलेला दिसतोय." त्यांचं त्या दिवसाचं पाचवं वाक्य.

तीन-चार दिवस मी दार लोटून बसले. कुणी आलं नाही. मला खात्री होती, गोलात चाललं असणार, बरं झालं, गेली होती पुढं पुढं करायला. खरं सांगायचं तर मी त्या जागी असते तर हेच बोलले असते, आणि दुसरी भाकरी घेतली असती.

मग एका संध्याकाळी मैत्रीण आली, चपला दणादणा काढत. वाटलं, माझ्यावरच उखडलीय. होतीही तशी.

"तू आमची पुढारी कधी झालीस गं?"

"मी? कुणाची पुढारी?"

"कँटीनला नोटीस लावलीया. तू फूस लावलीस म्हनून आमी सगळ्या अक्षतेला गेलो, म्हनून तुला काढलं."

मी म्हणाले, "अगं, मी तर आठवडाभर तुमाला जाऊ नका म्हणून डोकं खात होते."

"तेच म्हनायले मी. आमी काय कुकुली बाळं हाय? आमचं आमी गेलो. गेलो आमी आन् नाव तुझं? तू तर अक्षता सुदा टाकली न्हाईस." असा अपमान तिचा जन्मात झाला नव्हता. तावातावानं बोलून ती दमली, माझ्या हातचा चहा प्यायली आणि जाताना दारात थांबून म्हणाली, "नावं दिलीस का न्हाय, खरं सांग."

"न्हाय गं."

"मला वाटलंच," म्हणाली, जणू संशय मीच घेतला होता.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते मला नंतर तिनं आणि मॅडमनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं, पण दोन्ही जुळतं. सकाळी सगळ्या बायका टेबलावर न जाता साहेबांच्या खोलीसमोर जमिनीवर बसल्या. घोषणा नाही, आरडाओरड नाही. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, कामाला जा. सगळ्या म्हणाल्या, "हो साहेब." आणि बसून राहिल्या. साहेब आत गेले, परत आले. आज माल जायचा आहे, ट्रक उभा आहे. "हो साहेब." एकही उठली नाही. एव्हाना साहेबांना त्या 'हो'ची ओळख पटायला लागली असावी.

मॅडमनी विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्यांना वाटलं, मला परत घ्या म्हणतील. मैत्रीण म्हणाली, "आमाला ती नोटीस बदलून पायजे. आमी आमच्या मनानं गेलो आसं ल्ह्या. फूस लावली म्हनायचंच आसंल तर मी लावली." लगेच मागची म्हणाली, तू कुठली, मी लावली. तिसरी म्हणाली, माझ्या घरातनंच पहिल्यांदा विषय निघाला. फूस कुणी लावली यावरून तिथं जुंपली. मॅडम म्हणाल्या, मावशी, अशानं तुम्हा सगळ्यांना काढावं लागेल. त्यावर मैत्रीण म्हणाली, "काडा की. आन् तिला एकटीला ठिवा. ती बया सवताच्या मैताला पण कंपनीची बस धरून यील."

दुपारपर्यंत ती नोटीस भिंतीवरून निघाली. नोटीस निघाल्यावर मला काढायचं कारणही तिच्याबरोबर गेलं, कारण दुसरं कारण कुणाला सुचेना. संध्याकाळी मॅडमचा फोन. "मावशी, उद्यापासून या." मी विचारलं, "प्रवास चालू झाला का?" त्या हसल्या. कंपनीतून आलेलं ते पहिलं खरं हसू.

काहींना वाटेल, मी बाणेदारपणे नाही म्हणाले असेन. मी हो म्हणाले, आणि खरंच गेले. टोपी परत मिळाली, चुरगळलेली. मी ती आनंदानं घातली. माणूस काय एवढ्यात सुधारतो होय.

टेबलावर सकाळभर कुणी माझ्याशी बोललं नाही. माझ्या हातून दोन टॉवेलांच्या घड्या उलट्या पडल्या. जेवणाची सुट्टी झाली. बायका टेबलामागं गोल करून बसल्या. मी डबा घेऊन उभी. गोल घट्ट होता. बसा म्हणायला कुणी तयार नाही, आणि आपणहून घुसायला माझे पाय तयार नाहीत.

मैत्रीण भाकरी मोडत म्हणाली, "बसायचं तर बस की. का नोटीस लावायची?"

ती थोडी सरकली. मी बसले. मग पलीकडच्या एकीला राहवलं नाही. "काय ओ मावशी, त्या दिवशी तुमी एकट्या दिवसभर करत काय होता?"

"घड्या घालत होते."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या. ढीग तसाच होता ना. तुमच्याही जागेवरचे घेतले."

मैत्रिणीनं हातातला घास परत डब्यात ठेवला. "मंजी आमी तिकडं अक्षता टाकायलो, आन् तू हितं आमच्या वाटणीचं काम करायलीस?"

"व्हय."

"मग तुला काढलं ते लई बरोबर केलं."

हसण्याचा जो भडका उडाला तो पार दुसऱ्या टेबलापर्यंत गेला. हसता हसता एकीच्या नाकात शेंगाचटणी गेली, तिचे डोळे पांढरे झाले. मी धावत जाऊन तिच्यासाठी पाणी आणलं, तिला पाजलं, पाठीवर थापटलं. मग मागं वळून बघते तर माझा डबा होता तिथंच होता, उघडा, आणि त्यातली अर्धी भाजी एव्हाना कुणीतरी खाऊन टाकली होती.